पायलट नव्हे, वेपन फिटर!

यंदाच्या वर्षावासात माधवनगरच्या आमच्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. सिंह सेनापतीचा प्रसंग आला. तथागत अहिंसा शिकवतात, मग बायकामुलांच्या रक्षणासाठीही लढू नये काय, असा त्याचा प्रश्न. वाचन संपले आणि चपला घालता घालता एक आयुष्यमती आम्हाला म्हणाल्या, “भाऊ, पोरगा बारावी सायन्सला हाय. एअर फोर्सचा फॉर्म भरतो म्हणतोय. विमानाला बॉम्ब लावायचं काम असतंय म्हणं. आपण पंचशील घेणारी माणसं. चालंल का हे?”

त्या वेळी आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. ते आज देत आहोत.

वायुदल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायलट येतो. पण एक पायलट उडतो तेव्हा त्याच्यासाठी जमिनीवर कितीतरी हात राबलेले असतात. कोणी इंजिन पाहतो, कोणी रेडिओ, कोणी वीज. शस्त्रे पाहतो तो वेपन फिटर. विमानाची तोफ उघडून साफ करायची, गोळ्यांचा पट्टा भरायचा, पंखाखाली बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे अडकवायची, बटण दाबल्यावर ती नेमकी सुटतील की नाही हे तपासायचे, ही त्याची कामे. विमान कोसळू लागले तर पायलटला आसनासकट बाहेर फेकणारी काडतुसे असतात, त्यांची निगाही त्याच्याकडेच. म्हणजे जीव घेणारे यंत्र आणि जीव वाचवणारे यंत्र, दोन्ही एकाच माणसाच्या हाती. सुरक्षेच्या पिनांना लाल फिती असतात. त्या उड्डाणापूर्वी मोजून काढायच्या आणि विमान उतरले की मोजून परत लावायच्या. इथे विसरून चालत नाही.

प्रत्येक विमानाची एफ-७०० नावाची नोंदवही असते. ज्याने काम केले त्याने त्यात सही करायची. पायलट ती वही पाहतो, स्वतः सही करतो आणि मगच विमान ताब्यात घेतो. आम्ही जन्मभर कारकुनी केली. आमच्या लेजरात चूक झाली तर लाल शाईने दुरुस्त होते. इथे तसे नाही. आपल्या आजोबांच्या हातचे पाणी गावात चालत नव्हते. आज त्यांच्या नातवाच्या सहीवर भरवसा ठेवून माणूस आकाशात जाऊ शकतो.

सैन्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार पलटणीतले. घरात शिक्षण आले ते पलटणीच्या शाळेमुळे. पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली आणि पेन्शनीबरोबर अक्षरओळखीचा रस्ताही बुजला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. पण त्यांनी बंदुकीवरच समाधान मानले नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी सरकारला निवेदन दिले. अस्पृश्य मुलांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या, रेल्वेच्या कारखान्यांत व सरकारी छापखान्यांत शिकाऊ म्हणून घ्या, अशी त्यात मागणी होती. पलटण उभी राहिली त्याच बेळगावजवळ, सांबऱ्याला, आज वायुदलाच्या जवानांचे पहिले प्रशिक्षण होते. डिसेंबर २०२३ मध्ये तिथून अग्निवीर मुलींची पहिली तुकडीही बाहेर पडली.

आता धम्माचा प्रश्न. उपासकाने शस्त्रांचा व्यापार करू नये, असे तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे. नफ्यासाठी शस्त्र विकणे वेगळे आणि देशाच्या रक्षणासाठी नेमून दिलेले काम करणे वेगळे, असे आम्ही मानतो. हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची गरज यांत बाबासाहेबांनी फरक केला आहे. कोणाला हे पटणार नाही, त्यांनी भन्तेजींशी जरूर बोलावे. आम्ही काही पंडित नव्हे.

आम्हाला काळजी आहे ती दुसरीच. सैन्यभरतीत जातीचे आरक्षण नाही. तांत्रिक बाजूला जायचे तर बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी हवे, ५० टक्के गुण हवेत. नाहीतर तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा. लेखी परीक्षेत गणिताचे २५ प्रश्न, भौतिकशास्त्राचे २५ आणि इंग्रजीचे २०. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. आपली पोरे पहाटे मैदानावर घाम गाळतात आणि गणिताच्या पेपरात पडतात. क्लासची फी परवडत नाही म्हणून दहावीनंतर मुलाला आर्ट्सला घालणारे किती आईबाप आम्ही पाहिले!

आणखी एक गोष्ट आहे, जी भरतीचे क्लासवाले मोठ्या अक्षरात छापत नाहीत. पूर्वी वायुसैनिकाची पहिली नेमणूक वीस वर्षांची असे आणि नंतर पेन्शन मिळे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता मुलगा अग्निवीर म्हणून जातो तो चार वर्षांसाठी. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन घरी येतात, पेन्शनशिवाय. चार वर्षांनी एकविशी-बाविशीतला मुलगा दारात उभा राहील, त्याचा विचार आजच करावा लागेल. नोकरीत असतानाच बाहेरून पदवीचा अभ्यास चालू ठेवणे, एवढे तरी त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.

हे सगळे आम्ही त्या आयुष्यमतींना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “फॉर्म भरू दे. पण गणिताचं कोण बघणार?”

बुधगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला आपल्यातलाच एक मुलगा दर रविवारी सकाळी नऊ वाजता विहारात भौतिकशास्त्र शिकवायला येऊ लागला आहे. सध्या सात मुले आणि दोन मुली बसतात. गणिताला अजून कोणी मिळालेले नाही.