कोड चुकतो की अक्षर दिसत नाही?

दहावीनंतर मुलाला किंवा मुलीला संगणक तंत्रज्ञानाच्या पदविकेला प्रवेश मिळाला की कर्जत-खालापूरकडच्या घरांत समाधान असते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, नंतर नोकरी किंवा अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, असा रस्ता डोळ्यांसमोर असतो. पण पहिल्या सत्रातच काहींचे कपाळ दुखू लागते, डोळे चुरचुरतात, संध्याकाळी ओळी एकमेकींत मिसळतात. अर्धविरामाच्या जागी अपूर्णविराम पडतो आणि प्रोग्राम चालत नाही. मुलाला वाटते, ‘हे आपल्याला झेपणारे नाही.’ घरचे म्हणतात, ‘कॉम्प्युटरने डोळे गेले.’ पुष्कळदा दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात.

जवळचे पाहताना डोळ्यातला बारीक स्नायू आकुंचन पावतो आणि भिंगाची जाडी वाढवतो. पडद्यासमोर तो तासन्‌तास ताणलेला राहतो. एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्यात नजर रुतली की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकते. अश्रूंचा पातळ थर सुकतो, म्हणून डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. हा त्रास बहुधा तात्पुरता असतो.

मात्र काहींचा चष्म्याचा नंबर आधीपासूनच असतो, फक्त लपलेला. दूरदृष्टिता असलेला तरुण डोळा जोर लावून भिंतीवरचा तक्ता व्यवस्थित वाचतो. त्यामुळे शाळेतल्या तपासणीत तो निर्दोष ठरतो. रोज चार-पाच तास जवळचे बारीक वाचायची वेळ आली की तो जोर कमी पडतो. सिलिंडरचा नंबर असला तरी अक्षरे अशीच अस्पष्ट दिसतात. गरजेनुसार थेंब घालून केलेल्या नेत्रतपासणीत हा दोष सापडतो. तोवर मुलगा अभ्यासात कच्चा ठरलेला असतो.

चष्मा लावला की नंबर वाढतो, हा समज निराधार आहे. लग्नात अडचण येईल म्हणून मुलीचा चष्मा टाळणे म्हणजे तिच्या शिक्षणाचीच अडचण करणे. निळ्या प्रकाशापासून वाचवणाऱ्या काचांवर जादा पैसे घालण्याचीही गरज नाही. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यास-आढाव्यात अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे दिसले नाही. वाढत्या वयात सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर कमी वावरणे यांचा निकटदृष्टितेशी संबंध आढळला आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

उपाय साधे आहेत. दर २० मिनिटांनी २० सेकंद निदान २० फूट दूर पाहावे आणि जाणीवपूर्वक पापण्या मिटाव्यात. पडदा हातभर अंतरावर, नजरेच्या किंचित खाली असावा. पंख्याचा झोत थेट डोळ्यांवर नसावा. घरी संगणक नसल्याने मोबाइलवरच सराव करावा लागत असेल, तर अक्षरे मोठी करावीत, मोबाइल नाकाजवळ धरू नये आणि मान वाकवण्याऐवजी हात उचलावा. झोप सात-आठ तास हवीच. जागरणाने कोडमधल्या चुका वाढतात.

एवढे करूनही पंधरा दिवसांत आराम पडला नाही, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात नेत्रतपासणी करून घ्यावी. अचानक कमी दिसणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, प्रकाशाचे लोळ चमकणे, डोळा लाल होऊन तीव्र दुखणे किंवा डोकेदुखीबरोबर उलटी होणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी जावे.

खोपोली-कर्जत लोकलने जाणाऱ्या मुलांना एक औषध फुकट मिळते. पळसदरीच्या आसपास मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर सह्याद्रीकडे पाहावे. दूरच्या डोंगराकडे पाहताना डोळ्यातला तो ताणलेला स्नायू सैल पडतो. आणि अभ्यासक्रम सोडण्याचा विचार मनात आलाच, तर त्याआधी एकदा डोळे तपासून घ्यावेत.