लहान लेकराला घेऊन खोपोलीची सहल



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, हुमणीचा बंदोबस्त असे विषय मांडतो. या अंकातील विषय थोडा वेगळा आहे. गावोगावच्या मेळाव्यांत, विशेषतः महिला सभासदांकडून, एक प्रश्न वारंवार येतो : "घरात दीड-दोन वर्षांचं पोर हाय, एका जागी ठरत नाही. त्याला घेऊन बाहेर पडावं, का आजीपाशी ठेवावं?" आमचे उत्तर असे की, जरूर सोबत न्यावे. मात्र सहल लेकराच्या चालीने करावी आणि पाण्याजवळ त्याच्यावर नेमून दिलेली राखण असावी.

उदाहरणादाखल खोपोलीच घेऊ. अष्टविनायकांपैकी महड व पाली हे दोन गणपती रायगड जिल्ह्यात आहेत. घाटावरून तिकडे जायचे तर बोरघाट उतरून खोपोलीला येता येते. (खालापूर तालुक्यातील हे महड वेगळे आणि चवदार तळ्याचे महाड वेगळे. गाडीवाल्याला नीट सांगावे.) आपले बरेच सभासद एक गाडी ठरवून दोन दिवसांत आठही गणपती उरकतात. मोठ्यांना ते जमते. लेकराच्या वाट्याला मात्र गाडीतली उलटी, गर्दी आणि रडणे एवढेच येते. तेव्हा लहान मूल बरोबर असेल तर एका दिवसाला दोनच ठिकाणे धरावीत, एक सकाळी व एक संध्याकाळी. मधली वेळ जेवण आणि झोपेला ठेवावी.

लेकरू थांबते ते कशासाठी

एक ते तीन वर्षांचे मूल हाताने, तोंडाने आणि पायाने शिकते. खडा उचलणार, चाटून बघणार, टाकणार, परत उचलणार. आपल्याला तो खोडकरपणा वाटतो, पण त्याचा तोच अभ्यास असतो. ज्या वाटेला आपल्याला दहा मिनिटे लागतात तिथे त्याला पाऊण तास लागू शकतो. तेवढा वेळ धरूनच निघावे. "चल, चल" म्हणून ओढण्यापेक्षा ते जिथे बसले तिथे आपणही खाली बसावे व वस्तूचे नाव सांगावे. मुंगी, शेवाळ, इंजिन, हत्ती असे शब्द वस्तू समोर असताना सांगितले की पक्के बसतात.

काय दाखवावे

पहिली गोष्ट आगगाडी. कर्जत ते खोपोली हा सुमारे १५ किलोमीटरचा फाटा आहे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी लहान स्टेशने घेत लोकल खोपोलीला पोचते. हा मार्ग १८५६ साली सुरू झाला. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली पूर्ण झाला. तोवर घाटातला टप्पा लोक पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने पार करीत. आजही कर्जतला घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. उसाची भरलेली ट्रॉली चढाला अडली की मागून दुसरा ट्रॅक्टर लावतो, तसाच हा प्रकार. लेकराला कडेवर घेऊन, फलाटाच्या कडेपासून चांगले मागे उभे राहून तो दाखवावा.

दुसरी गोष्ट डोंगरावरून उतरणारे मोठे नळ. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून टाटांनी १९१५ साली खोपोलीत वीजनिर्मिती सुरू केली व ती वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली. हे लांबूनच बघावे. "वरून पाणी येतं, खाली दिवा लागतो," एवढे सांगितले तरी लहानग्याला पुरते.

खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेले जुने तळे व महादेवाचे देऊळ आहे. महडच्या वरदविनायकाचे देऊळ रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ साली बांधले. देवळाच्या चारी बाजूंना हत्तींच्या मूर्ती आहेत. लेकराला त्या शोधायला लावाव्यात. मोठ्यांचे दर्शन होते आणि लेकराची प्रदक्षिणाही होते!

पाण्याची राखण पाळीने

आता मुख्य मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश मुले पाच वर्षांच्या आतली होती. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते, त्यामुळे वाकले की तोल जातो. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. गुपचूप बुडते, आणि त्याला बादलीभर पाणीही पुरते.

खोपोलीचा झेनिथ धबधबा प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तेथे लहान मूल नेऊच नये. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली थोड्या वेळात येतो. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी भरवसा नाही. ३० जून २०२४ रोजी घाटमाथ्यावर लोणावळ्याला, भुशी धरणामागच्या धबधब्यात, एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. प्रशासनाचा मनाईचा फलक असेल तिथून माघारी फिरावे. पाताळगंगेच्या पात्राबद्दलही तेच. तिच्यात वीजकेंद्रातून सुटलेले पाणी येते, म्हणून पाऊस नसतानाही पाणी कमी-जास्त होते.

दहा माणसे बरोबर असली म्हणजे मूल सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. सगळ्यांचे लक्ष म्हणजे कुणाचेच नाही. आपण पाटाच्या पाण्याला पाळी लावतो, तशी लेकराच्या राखणीला लावावी. अर्धा तास एकाने फक्त लेकराकडे बघायचे. मोबाईल नाही, गप्पा नाहीत. पाण्याजवळ हात लांबवला की लेकरू हाताला लागले पाहिजे. पाळी बदलताना तोंडाने सांगावे, "आता तुझ्याकडं." समोरच्याने "हो, माझ्याकडं" म्हटल्याशिवाय आपली पाळी संपली असे समजू नये.

दुर्दैवाने मूल बुडालेच तर बाहेर काढून त्याला उलटे धरून फिरवू नये, पोट दाबू नये. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. हे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकून घेतलेले बरे.

शिदोरी व हवामान

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलाला देऊ नयेत, श्वासनळीत अडकतात. उसाच्या कांड्याचेही तसेच. आपल्याला उसाचे कौतुक, पण एवढ्या लहान पोराच्या हाती गंडेरी नको. भाकरी दुधात कुस्करून, मऊ भात, केळ हे चांगले. घाटात निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नये. उकळून गार केलेले पाणी घरून न्यावे. बंद गाडीत मूल झोपले आहे म्हणून पाच मिनिटेही एकटे सोडू नये. उन्हात गाडी भट्टीसारखी तापते.

दिवस निवडायचा तर आडसाली लागण उरकल्यावर, पावसाचा जोर ओसरला की बॉयलर अग्निप्रदीपनापर्यंतचा काळ बरा. तेव्हा डोंगर हिरवा असतो आणि हंगामाची धावपळ सुरू झालेली नसते. कोकणात त्या दिवसांतही दुपारी ऊन लागते, म्हणून फिरणे सकाळी आटपावे.

घरच्या शिवारातही

हीच पाळी रानातही लावावी. बांधावर झोळीत निजवलेले पोर उठून कधी चालू लागते ते खुरपणाऱ्या आईला कळत नाही. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद निसरडा असतो. त्यावरून घसरलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, तिथे लेकराचा काय पाड! तळ्याला सर्व बाजूंनी कुंपण व कुलूप लावता येईल असे फाटक करावे. चारी कडांना गाठी मारलेले दोर सोडावेत. विहिरीला कठडा, हौदाला झाकण हवे आणि औषधांचे डबे कुलपात हवेत.

ऊस विकास विभागाचे कर्मचारी लागण नोंदीसाठी आपल्या शिवारात येतात, तेव्हा शेततळ्याचे कुंपण त्यांना आवर्जून दाखवावे. कुंपण नसेल तर सहलीचा बेत आखण्याआधी त्या खर्चाची तजवीज करावी, ही सर्व सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी