भिंतीवरचा देव आणि विकलेले खाचर

मळवली स्थानकावर लोकलमधून उतरणाऱ्या प्रवाशांपैकी बहुतेकांची पावले भाजे लेण्यांकडे अथवा लोहगड-विसापूरकडे वळतात. याच परिसरात एके काळी देशातील घराघरांत देव पोहोचविणारा छापखाना होता, याची आठवण फार थोड्यांना असते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात हा शिळाछापाचा कारखाना काढला. त्यासाठी यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीतून आणले. पुढे प्लेगने मुंबईचे व्यवहार विस्कळीत केल्यावर कारखाना मळवलीस आला. आर्थिक ओढाताणीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकला. १९७२ साली आग लागून तो भस्मसात झाला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही येथे काम केले होते.

गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याच्या घरी मावळातल्या एका खेड्यात जाण्याचा योग आला. पडवीत लक्ष्मीचे एक जुने चित्र टांगले होते. काचेला तडा गेलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. परंतु तळाशी कार्ला-लोणावळ्याच्या छापखान्याचे नाव अजून वाचता येत होते. काही कोसांवर छापलेला कागद तीन पिढ्या त्याच मावळात पुजला जात होता. मी विद्यार्थ्याच्या आजोबांना सहज विचारले, “बाबा, शेतीभातीचं चित्र कधी कुणी लावलं नाही का?” ते हसून म्हणाले, “देव भिंतीवर असला म्हंजी घर भरल्यागत वाटतं. आपलं तोंड आपणच कशाला टांगायचं, सर?”

हे ऐकताना मला अमेरिकेतील काही मुद्राचित्रांचे स्मरण झाले. १९३० नंतरच्या महामंदीत ग्रँट वूड, टॉमस हार्ट बेंटन आणि जॉन स्ट्यूअर्ट करी या चित्रकारांनी आपापल्या प्रांतांतील शेते, खळी आणि कष्टकरी माणसे शिळाछापाने कागदावर उतरविली. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने अशी चित्रे पाच डॉलरला एक या दराने विकावयास काढली. वूडच्या ‘जानेवारी’ या १९३७ च्या चित्रात बर्फाखाली दबलेल्या मक्याच्या गंजी ओळीने उभ्या आहेत आणि सशाच्या पावलांचा माग त्यांतून गेला आहे. चित्र विलक्षण शांत आहे. परंतु त्याच दशकात वूडच्या आयोवा प्रांतात मक्याचे भाव इतके कोसळले होते, की काही शेतकरी कोळशाऐवजी मकाच शेगडीत घालीत होते आणि कर्जापायी शेते लिलावात निघत होती. या लिलावांची खूण त्या शांत चित्रात सापडत नाही.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला येथे मागणीचा विचार करावासा वाटतो. काय रेखाटले जाईल, हे बऱ्याच अंशी गिऱ्हाईक ठरवीत असते. अमेरिकेतील त्या चित्रांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने मध्यमवर्गीय होते. शेतापासून दूर गेलेल्यांना शेताची ओढ वाटत होती. आपल्याकडे स्वस्त छापील चित्र खुद्द खेड्यातही गेले. मंदिराचे दार ज्यांना बंद होते, त्यांनाही त्यामुळे घरात दर्शन घडले; हे उपकार लहान नव्हेत. मात्र चिखलात उभा राहणारा माणूस विरंगुळ्यासाठी चिखलाचे चित्र विकत घेत नाही. मळवलीच्या दगडांवर मुख्यतः देवदेवता आणि पुराणकथा उमटल्या, यात म्हणूनच नवल नाही. मावळच्या शेतकऱ्याची छबी साऱ्या महाराष्ट्रासमोर ठळकपणे आली ती फार नंतर, आणि तीही वृत्तपत्रांतून. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीच्या विरोधातील आंदोलनावर बऊर येथे गोळीबार होऊन तिघांचे प्राण गेले तेव्हा.

आता मात्र मागणी पालटली आहे. द्रुतगती महामार्ग झाल्यापासून लोणावळा आणि मावळ मुंबई-पुण्याच्या अधिकच जवळ आले आहेत. निरोप घेताना विद्यार्थ्याने घरासमोरचे भाताचे खाचर दाखविले. दोन वर्षांपूर्वी ते विकले गेले आणि तेथे आता बंगला उभा आहे. शनिवार-रविवारी हा मुलगा त्याच बंगल्यात देखभालीचे काम करतो. “दिवाणखान्यात मोठं चित्र आहे, सर,” तो म्हणाला. “पागोटं घातलेला शेतकरी आणि खिल्लारी जोडी. पुसताना मला दर वेळी वाटतं, आमची आवणी इथंच व्हायची.” खाचराचे किती आले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुर्मीळ होणाऱ्या वस्तूचे मोल वाढते, हा सिद्धान्त मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. त्याचे असे उदाहरण मात्र पुस्तकात आढळले नव्हते. शेतकऱ्याच्या चित्राला भिंत मिळाली, ती त्याच्या पायाखालची जमीन गेल्यावर! जमीन विकणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार आपणा पगारदारांना नाही. परंतु खेड्याचे चित्र केवळ नव्या मालकाच्या दिवाणखान्यासाठीच काढले जावे, हेही न्याय्य नव्हे.

मळवलीच्या छापखान्याची जुनी चित्रे त्याच परिसरात एका लहानशा संग्रहात पाहावयास मिळावीत, अशी इच्छा आहे. त्याहून निकडीचे काम शाळा-महाविद्यालयांच्या हाती आहे. मावळच्या मुलांनी आपली उरलेली खाचरे, आवणी, झोडणी स्वतः रेखाटावी आणि प्रत्येक चित्राखाली त्या जमिनीचा सातबारा उतरून घ्यावा. आयोवाच्या सुंदर चित्रांत जे राहून गेले, ते निदान आपल्या चित्रांत राहू नये. आजोबांनी आपले तोंड भिंतीवर टांगले नाही. त्यांच्या नातवाला मात्र आपले शेत कोठे होते, हे दुसऱ्याच्या भिंतीवर शोधावे लागू नये.