आखाचा सरळपणा

गाडी धावते चाकांवर. परंतु ती सरळ धावते आखामुळे. भाताचे भारे वाहणाऱ्या बैलगाडीचा आख जुवाला समांतर नसला, तर गाडी एकसारखी एका अंगास ओढ घेते, आणि तिला मार्गावर ठेवण्याचा भार बैलांच्या मानेवर पडतो. त्या मुक्या प्राण्यांना तक्रार करता येत नाही. आज आपल्या भिवंडीच्या गोदामांतून रात्रंदिवस मालमोटारी निघतात. त्यांचाही आख तिरपा असल्यास टायर अकाली झिजतात व इंधन व्यर्थ जळते. गाड्या निराळ्या, दोष मात्र एकच. तो समजून घेण्यास वीतभर लाकडी गाडी पुरेशी आहे.

अशा गाड्यांची शर्यत १९५३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे, डॉन मर्फी या गृहस्थाने बालवीरांसाठी प्रथम भरविली. स्वतः आत बसून उतारावरून गाडी हाकण्याच्या शर्यतीस त्याचा मुलगा वयाने लहान पडत होता; म्हणून त्याने ही युक्ती काढली. पाइन लाकडाचा एक ठोकळा, चार चाके, आणि आखांच्या जागी चार खिळे, एवढेच तिचे साहित्य. वजनाची प्रचलित मर्यादा ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम असते. गाडीस यंत्र नसते. उताराच्या माथ्यावरून ती केवळ सोडून द्यावयाची.

येथेच या खेळाचे मर्म आहे. उंचीमुळे गाडीस जी शक्ती लाभते ती ठरावीक असते. तीत भर घालता येत नाही; ती वाया जाऊ न देणे एवढेच आपल्या हाती असते. आणि ती सर्वांत अधिक वाया जाते चाकांच्या घर्षणात.

आता थोडे गणित करू. ठोकळ्याची रुंदी ४.५ सेंटीमीटर व दोन आखांमधील अंतर ११ सेंटीमीटर धरा. पुढील आखाचे एक टोक दुसऱ्याहून अवघे १ मिलिमीटर पुढे असले, तर गाडी सुमारे ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळू लागते, आणि १ मीटर जाईतो मूळ रेषेपासून सुमारे १० सेंटीमीटर ढळते. म्हणजे मुळातील चूक शंभरपट होऊन पुढे उभी राहते!

ही चूक टाळण्याचा मार्ग असा. ठोकळ्याची एक कड रंधून सरळ करावी आणि त्याच कडेपासून गुण्या लावून आखांच्या रेषा आखाव्या. भोके गिरमिटाने हळूहळू, बाजूस अगदी काटकोनात पाडावी. खिळा काचेच्या तुकड्यावर लोळवून पाहावा. वाकडा असल्यास तो लगेच डुलतो. डोक्याखालील खरखरीत कड कानशीने काढून खिळा बारीक काचकागदाने गुळगुळीत करावा. चाक व ठोकळा यांत किंचित फट ठेवावी. वंगण म्हणून ग्राफाइटची पूड वापरावी. तेल लाकडात मुरते व धूळ धरून ठेवते.

नंतर परीक्षा. जमिनीवर खडूची सरळ रेषा काढून गाडी तिच्यावरून हलकेच ढकलावी. ती डावीकडे वळली, तर पुढील उजव्या खिळ्याचे डोके किंचित मागे घ्यावे. उजवीकडे वळली, तर डाव्या खिळ्याचे. परंतु दोष जमिनीचाही असू शकतो. म्हणून त्याच रेषेवरून गाडी उलट दिशेनेही सोडावी. दोन्ही वेळा ती खोलीच्या एकाच भिंतीकडे झुकली, तर जमीन उतरती आहे. दोन्ही वेळा स्वतःच्या एकाच हाताकडे वळली, तर आख तिरपा आहे.

तथापि गाडी सरळ गेली म्हणजे सारे ठीक झाले, असे मात्र समजू नये. पुढील दोन्ही खिळ्यांची डोकी सारखीच पुढे झुकलेली असली, तर एक चाक उजवीकडे ओढते व दुसरे डावीकडे. गाडी सरळ जाते खरी, पण दोन्ही चाके फरफटत असल्यामुळे लवकर थांबते. म्हणून एकाच उंचीवरून सोडून ती किती दूर जाते, हेही मोजावे.

दोन चुका एकमेकींस झाकतात, पण त्यांची किंमत चुकत नाही. बैलगाडीत ती बैल भरतो, मालमोटारीत मालक भरतो, आणि आपल्या लाकडी गाडीत ती शेवटच्या हातभर अंतरात आपणांस दिसते. तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, गाडीस रंग देण्यापूर्वी गुण्या हाती घ्या. रंग मागूनही देता येतो. भोक एकदा तिरपे पडले की ठोकळा नवा घ्यावा लागतो.