तान्हे बाळ : घरी थांबावे की दवाखान्यात न्यावे?

स्मरणिकेसाठी एखादा लेख द्या, असा निरोप मंडळाच्या कार्यकर्त्यांनी बँकेच्या काउंटरवरच दिला. मी डॉक्टर नाही, बी. ए. होऊन बँकेत लागलेला कारकून आहे. तरीही हाच विषय घेतला, कारण तो आमच्या घराने भोगला आहे. अकोला-अमरावतीकडील अनेक घरांनी तो भोगला असेल, पण सहसा कोणी बोलत नाही.

२००४ साल. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. ताई पहिल्या बाळंतपणासाठी मूर्तिजापूर तालुक्यातील आमच्या गावी आली होती. मुलगा झाला. आठव्या दिवशी तो दिवसभर झोपून राहिला. आजी कौतुकाने म्हणाली, “लेकरू मोठं गुणाचं हाये, रडतच नाई.” ताईने दुपारी त्याला अंगावर घ्यायला पाहिले, तर तो ओढीना. “निजू दे त्याले, भूक लागली का उठते,” असे घरात सगळ्यांचे मत पडले. संध्याकाळी पाय गार लागत होते. गावातल्या एका औषधवाल्याने कसलेसे थेंब दिले. सकाळच्या गाडीने अकोल्याला न्यायचे ठरले. पहाटे चारच्या सुमारास बाळ गेले.

ताप नव्हता, खोकला नव्हता, रडणे नव्हते. म्हणूनच आम्ही थांबलो. मोठ्या माणसाचा आजार ताप, कण्हणे, ओरडणे यावरून कळतो, आणि तीच मोजपट्टी आम्ही आठ दिवसांच्या बाळाला लावली. पुढे डॉक्टरांकडून समजले ते असे की, इतक्या लहान बाळाच्या अंगात जंतुसंसर्ग पसरला तर त्याचे शरीर ताप आणू शकेलच असे नाही. कित्येकदा ते उलट थंड पडते. रडायला आणि दूध ओढायलाही शक्ती लागते, ती आधी संपते. म्हणजे जे बाळ रडते त्याच्यात बळ आहे. चांगले रडणारे, चांगले पिणारे बाळ जेव्हा गप्प होते तेव्हा खरी भीती असते. आम्ही ज्याला गुण म्हणालो तो आजार होता.

दोन महिन्यांच्या आतील बाळाबाबत पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी सकाळची वाट पाहू नये. बाळ दूध ओढत नाही, किंवा आधीपेक्षा फारच कमी ओढते. तळपायाला टिचकी मारली तरच हलते, एरवी निपचित असते. अंग गरम आहे, म्हणजे काखेत थर्मामीटर लावल्यावर पारा ९९.५ किंवा त्याहून वर जातो. अथवा अंग थंड आहे आणि पारा ९६ च्या खाली राहतो. घरात थर्मामीटर नसेल तर हाताची पाठ बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावून पाहावी. पोट गरम व पाय गार असतील तर बाळाला थंडी बाधते आहे, त्याला ताबडतोब आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. पोटही गार असेल तर तसेच छातीशी धरून निघावे. झटका आला तर निघावेच; मात्र तान्ह्याचा झटका मोठ्यांसारखा नसतो. डोळे एका जागी खिळणे, तोंड चावल्यासारखे हलत राहणे, पाय सायकल मारल्यासारखे फिरणे, हेही झटकेच असू शकतात. हिरवी उलटी, फुगून वर आलेली टाळू, नाळेभोवती पसरलेली लाली किंवा पू, यांपैकी काहीही दिसले तरी तसेच.

काविळीचा थोडा वेगळा विचार आहे. बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा पिवळेपणा येतो आणि जातो. परंतु जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा तो तळहात-तळपायापर्यंत उतरला, तर उन्हात धरून बसू नये. ती कावीळ मेंदूला इजा करू शकते. दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला किंवा शी पांढुरकी होऊ लागली, तरी दाखवावे.

आता श्वासाबद्दल. हा भाग मला विशेष आवडतो, कारण यात मोजणी आहे! बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, त्याचे पोट व छाती उघडी करावी आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजावे. (कॅशियरही नोटांचे बंडल दोनदा मोजतो, त्यात कमीपणा नाही.) दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तो न्यूमोनिया असू शकतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० ही मर्यादा धरतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा कितीही असो, दवाखाना गाठावा. आपल्याकडे बायका ‘पोट उडते’, ‘डब्बा झाला’ म्हणतात, ते बहुधा हेच. म्हणजे खूण आपल्या आजी-मावश्यांना ठाऊक होती, उपाय तेवढा चुकत होता.

ही मोजणी अडाणी माणसालाही जमते, हे विदर्भानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील दाईंना श्वास मोजायला शिकवले. ज्यांना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी दर दहा श्वासांना एक मणी सरकवण्याचे साधन आणि मिनिटाचे वाळूचे घड्याळ केले. न्यूमोनियाचे बालमृत्यू त्यामुळे कमी झाल्याचा त्यांचा निबंध १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे गावातील आरोग्यदूत बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची तपासणी व उपचार केले, तेव्हा तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी २५.५ होते, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते हजारी ५९.६ होते. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, त्यामागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे. शहरातील आपल्या काही सुशिक्षित कुटुंबांत आशाताईला दारातूनच परत पाठवतात, हे मला मुळीच पटत नाही.

ताईला २००७ मध्ये मुलगी झाली. सहाव्या रात्री ती नीट पिईना. त्यापूर्वी मी हे सारे वाचून ठेवले होते. मनगटावरचे घड्याळ काढून मोजले, ७२ आले. पुन्हा मोजले, ७४. आजी म्हणाली, “एवढ्या राती कुठं नेता तिले?” पण या वेळी आईच उठली आणि तिने लुगड्याच्या पदरात बाळ गुंडाळले. शेजाऱ्याची जीप काढून अकराच्या पुढे निघालो. दहा दिवस बाळ दवाखान्यात होते. ती भाची आज अकोल्याला कॉलेजात आहे आणि मामाला मोबाईलवर पैसे पाठवायला शिकवते.

चुकीच्या उपायांबद्दल लिहिणे भाग आहे. आपल्याकडे पोट फुगले की बिब्ब्याचा चटका देतात. मेळघाटात कोरकू वस्त्यांत पोटावर गरम लोखंडाचे डाग देतात, त्याला ‘डम्मा’ म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याची बातमी सर्वांनी वाचली. वाचून ‘अडाणी लोक’ म्हणणे सोपे आहे. पण गुटीत कोण काय उगाळते, सर्दीला ब्रँडीचा थेंब कोण चाटवते, नाकात तेल कोण सोडते, हे अमरावती-अकोल्याच्या कॉलनीतही पाहावे. मेळघाटात दवाखाना डोंगरापलीकडे होता म्हणून डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला जाऊन राहिले, डॉ. आशिष सातव यांनी धारणीजवळ उतावलीला दवाखाना उभारला. आपल्याला ती अडचण तरी नाही.

येथे बाबासाहेब आणि माता रमाई यांची आठवण होते. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार, म्हणजे रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न, लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ साली. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा, आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचले १९४० नंतर. परळच्या चाळीतील त्या माउलीकडे पैसा नव्हता, आणि जो आजार आज औषधाने हटतो त्याला तेव्हा जगात औषधही नव्हते. आज ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

हगवणीचे सगळ्यांना माहीत असते, असे वाटते, पण नसते. पातळ शी सुरू झाली की पहिले दूध बंद करतात, ती मोठी चूक. अंगावरचे दूध चालूच ठेवावे आणि सोबत ओआरएस द्यावे. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदाच कालवावे, चिमूटचिमूट नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. १९७१ साली बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिश्रणाने पटकीचे रुग्ण वाचवले होते. मात्र डोळे व टाळू खोल गेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू जागेवर गेली, शी मध्ये रक्त आले, बाळ सुस्त पडले किंवा पाजलेले सगळेच उलटू लागले, तर घरचा उपाय पुरत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाला हगवण लागली तर पाणी कालवत बसण्यापेक्षा दाखवून आणावे.

उगाच धावपळ होऊ नये म्हणून हेही सांगतो. उचकी, शिंका, प्यायल्यावर थोडे दूध बाहेर येणे, अंगावर पिणाऱ्या बाळाने प्रत्येक वेळी पिवळी पातळसर शी करणे, हा आजार नव्हे. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत सहा वेळा किंवा जास्त लघवी करते, जोमाने पिते, वजन वाढते, तर नाक थोडे वाहिले तरी घाबरू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो. तेव्हा लोकरीच्या टोपीत गुंडाळलेले बाळ गरम लागणारच. कपडे सैल करावेत, पाजावे, अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. तरीही ९९.५ च्या वर राहिले, किंवा ते नीट पीत नसेल, तर निघावे.

न्यायचे कोठे? अमरावतीला जिल्हा स्त्री रुग्णालय, ज्याला आपण डफरीन म्हणतो, आणि अकोल्याला जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे लेडी हार्डिंग. दोन्हीकडे नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषध आणि नेण्या-आणण्याचे वाहन मोफत आहे. गाडीसाठी १०८ किंवा १०२ लावावा. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवावे. ओढत असेल तर वाटेत पाजावे. निपचित बाळाच्या तोंडात चमच्याने काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. सोबत जन्माचे कार्ड, दिलेल्या औषधांच्या बाटल्या, आणि एका कागदावर इतके लिहून न्यावे : शेवटचे नीट कधी प्याले, लघवी कधी केली, श्वास किती भरले, पारा किती होता. रात्रीच्या ड्यूटीवरील डॉक्टरला ‘कालपासून बरं नाई’ एवढ्यावर फार काही कळत नाही, या चार ओळींवरून कळते.