पऱ्यांचे कोट

आयर्लंडच्या हिरव्यागार कुरणांत ठिकठिकाणी मातीचे वर्तुळाकार बांध दृष्टीस पडतात. बांधाबाहेर खंदक, आत गवताची मोकळी जागा आणि बहुधा कडेला हॉथॉर्नचे काटेरी झाड. त्या बेटावर असे सुमारे ४५,००० कोट आहेत.

वास्तविक या शेतकऱ्यांच्या जुन्या वस्त्या होत. साधारणतः इ. स. ५०० ते १००० या काळात एकेक कुटुंब आपल्या घरादाराच्या व गुरांच्या रक्षणासाठी असा कोट घालून राहत असे. पुढे वस्त्या उठल्या, घरे मातीस मिळाली आणि मूळ धन्यांचा लोकांना विसर पडला. मग लोककल्पनेने तेथे नवे रहिवासी आणून बसविले.

हे रहिवासी म्हणजे पऱ्या. परंतु बालकथांतील पंखांच्या नाजूक पऱ्या त्या नव्हेत. त्यांचे रूप माणसांसारखे, मेजवान्या व भांडणेही माणसांसारखीच. राग मात्र भयंकर! त्यांचे नाव घेणेही धोक्याचे, म्हणून खेडूत त्यांना ‘भली माणसे’ म्हणत. रात्री सांडपाणी बाहेर फेकण्यापूर्वी घरची बाई मोठ्याने सूचना देई. न जाणो, अंगणातून त्यांच्यापैकी कुणी जात असायचे! कोटावरील झाड तोडले तर गुरे दगावतात, तोडणाऱ्याचा हात लुळा पडतो, असा समज होता. कोटापाशी रात्र काढून एखादा वादक अपूर्व सुरावट शिकून आल्याच्या कथाही आहेत.

समज खोटा खरा. पण त्याने केलेले काम लहान नव्हे. शतकानुशतके नांगर या कोटांना वळसा घालून गेला. विसाव्या शतकात यंत्रे आली, भय ओसरले आणि कित्येक कोट भुईसपाट झाले. तरी १९९९ साली क्लेअर परगण्यात नव्या रस्त्याच्या आड एक हॉथॉर्न आला, तेव्हा एडी लेनिहन या कथाकाराने त्याच्यासाठी आवाज उठविला आणि ते झाड राखून रस्ता बांधण्यात आला.

कथा राखण्याचे काम मात्र मुलांनी केले. आयर्लंडच्या लोकविद्या आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांना हे काम सोपविले. अकरा ते चौदा वर्षांची सुमारे ५०,००० मुले आजी-आजोबांपाशी, शेजाऱ्यांपाशी जाऊन बसली. कोणत्या शेतातील कोटात दिवे दिसत, झाड कुणी तोडले, पुढे त्याचे काय झाले, हे सारे त्यांनी वहीत उतरवून घेतले. त्या वह्या डब्लिन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात आजही जपून ठेवलेल्या आहेत.