भिंतीवरचा सिनेमा कोणासाठी?

बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात, की स्टँडजवळच्या भिंतीकडे बघा. तेथे सिनेमाची पोस्टरं चिकटवलेली असतात. एकावर रक्ताने माखलेला नट. हातात कोयता. मागे आगीचा लोळ. बाई आहे, पण कोपऱ्यात, अंगठ्याएवढी. दुसऱ्यावर हिरवा चुडा ल्यालेली बाई. डोळ्यांत पाणी. मागे सासू उभी.

एक अक्षर न वाचताही माणूस म्हणतो, "हा आपला गड्यांचा. तो बायकांचा."

हे त्याला कोणी सांगितले? भिंतीने सांगितले.

सिनेमा काढायला पैसा लागतो. तो तिकिटांतून परत यायचा असतो. म्हणून जाहिरात करणारा आधी विचारतो, तिकीट कोण काढणार? तरणी पोरे काढणार असतील, तर मारामारी दाखवा. घरची बाई येणार असेल, तर लग्न, माहेर, देव, रडणे दाखवा. सिनेमात हसू असते, भांडण असते, शेतीवाडी असते. पोस्टरवर सगळे मावत नाही. मग गिऱ्हाईक बघून तेवढाच तुकडा पुढे मांडायचा. भाजीवाली नाही का, चांगली वांगी वर रचते!

१९७५ साली 'जय संतोषी माँ' हा हिंदी सिनेमा आला. बाया चपला बाहेर काढून थिएटरात जात. पडद्यावर देवी आली, की फुले नि पैसे उधळत. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. अलका कुबल त्यात सोसणारी सून झाल्या होत्या. नुसते नाव ऐकूनच बाया समजल्या, की हे बोलावणे आपल्याला आहे. पदराने डोळे पुसत त्या बाहेर पडत. सिनेमा फार चालला.

यात वाईट काय? बायांसाठी कोणी सिनेमा काढला, हे बरेच झाले. पण रोज दिसते ते मनात ठसते. बाई म्हणजे रडणारी, गडी म्हणजे मारणारा. रडू तर गड्यांनाही येते. अंधारात कोण बघतो! आणि घरात काय होते? पोरगी म्हणते, "आबा, मलापण कुस्तीचा शिनेमा बघायचाय." आबा म्हणतात, "त्यो पोरींचा न्हाई." पोरगा जातो, पोरगी घरी राहते. आबांनी सिनेमा बघितलेला नसतो. कागद बघितलेला असतो.

'शोले'ही १९७५ सालचाच. डाकू आणि बंदुका, म्हणून तो गड्यांचा. पण त्यातली बसंती टांगा हाकून आपले पोट भरते. हे बायांनी का बघू नये?

जाहिरात वेगळीही करता येते. १९५७ सालच्या 'मदर इंडिया'चे पोस्टर आठवा. नर्गिस, आणि तिच्या खांद्यावर नांगर. ते बघून हा सिनेमा कोणा एकाचा, असे म्हणवत नाही. २०१६ साली 'दंगल' आला. कुस्ती म्हणजे गड्यांचा खेळ. तरी पोस्टरवर बापाबरोबर चार पोरी होत्या. गोष्ट हरियाणातल्या बलाली गावच्या फोगट घराची. त्यातल्या गीता फोगट यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले. हा सिनेमा बघायला घरेच्या घरे गेली.

आता आपल्याला वाचता येते. तेव्हा पोस्टरवरचे एक लहान अक्षर शोधा. ते इंग्रजी असते. घरच्या शाळकरी पोराकडून ओळखून घ्या. तो सरकारी मंडळाचा दाखला असतो. 'यू' म्हणजे सर्वांनी बघावा. 'ए' म्हणजे १८ वर्षे पुरी झालेल्यांनीच. बायांचा किंवा गड्यांचा, असे अक्षरच त्या दाखल्यात नाही. 'यूए' असेल, तर २०२४ पासून पुढे ७, १३ किंवा १६ हा आकडा असतो. त्या वयाखालच्या मुलाला सिनेमा दाखवायचा की नाही, ते आईबापांनी ठरवायचे असते.